बालवर्गातील सस्तन प्राण्यांचा पाठ

शाळेतून घरी आलेल्या मुलाने 'जे प्राणी आपल्या पिलांस दूध पाजतात त्यांस सस्तन प्राणी म्हणतात' ही व्याख्या घडाघडा म्हणून दाखविली, म्हणजे घरातील वडील माणसांस संतोष वाटतो. परंतु त्याच मुलास लगेच, 'वटवाघूळ कोण?' असे विचारून पाहावे. 'पक्षी', असे उत्तर येते. 'आणि देवमासा?' तर 'मासा'. नावातच मासा असल्यावर मुलाने तरी दुसरे काय म्हणावे? 'आणि तू कोण?' असे विचारताच मुलगा हसतो, व 'मी माणूस' असे म्हणून खेळावयास पळून जातो. व्याख्या जिभेवर बसली. डोळ्यांत व बुद्धीत मात्र ती उतरली नाही, असाच याचा अर्थ नव्हे काय?

मालवणच्या किनाऱ्यावर लहान मुलांस शिकविण्यात आमच्या आयुष्याचा बराच काळ गेला. त्या अनुभवावरून आमचे असे मत झाले आहे की, सृष्टिविज्ञानाच्या सर्व पाठांत सस्तन प्राण्यांचा पाठ हा सर्वांत सोपा दिसणारा, आणि म्हणूनच सर्वांत अधिक बिघडणारा पाठ होय. तो नीट झाला तर नुसत्या दिसण्यावर न भुलता खुणा पाहून निर्णय करण्याची सवय मुलास लागते. बिघडला तर एक परिभाषिक शब्द तेवढा वाढतो. हा पाठ कसा व्हावा, व त्यात घरच्या माणसांचा हातभार कसा लागावा, एवढेच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुष्कळ वर्गांत हा पाठ भिंतीवरील तक्त्यापासून सुरू होतो, व तक्त्यावर सिंह, जिराफ, कांगारू आणि ध्रुवावरील पांढरे अस्वल अशी मंडळी विराजमान असतात. यांपैकी एकही प्राणी आमच्या मुलांनी पाहिलेला नसतो. वास्तविक या पाठासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यासारखी दुसरी पाठशाळा शोधूनही सापडणे कठीण. पूर्वेस सह्याद्रीच्या रानात गवा आणि शेकरू; तिलारीच्या बाजूस 2002 सालापासून कर्नाटकातून उतरलेले रानटी हत्ती; खाड्यांच्या काठी पाणमांजर; माडांवर व वडांवर वाघळे; आणि पश्चिमेस समुद्रात डॉल्फिन. ज्या पोंभुर्ल्यास बाळशास्त्री जांभेकरांचा जन्म झाला ते गाव याच जिल्ह्यातील देवगड तालुक्यात आहे. बाळशास्त्र्यांनी 1840 साली 'दिग्दर्शन' मासिक काढून मराठी माणसास सृष्टीतील कार्यकारणाचा विचार मराठीत करावयास शिकविले. त्यांच्याच मुलखातील मुलांनी दारचा प्राणी सोडून जिराफापासून आरंभ करावा, हे काही शोभत नाही.

आमच्या मते आरंभ गोठ्यापासून करावा. गोठा नसेल तर घरच्या मांजरीपासून करावा. तीन खुणा मुलांकडूनच काढून घ्याव्या. पहिली खूण दुधाची. नुकती व्यालेली गाय वासरास कशी पाजते, हे पाहिलेले मूल अजूनही खेड्यांतून पुष्कळ सापडते. आणि ज्याने ते पाहिले नाही त्याने खरवस तरी खाल्लेला असतोच. त्या पहिल्या दिवसांच्या दुधास संस्कृतात 'पीयूष' म्हणतात, व अमृतासही तोच शब्द आहे, हे सांगावे. त्या दुधातून आईच्या अंगचे रोगप्रतिकाराचे सामर्थ्य वासरात उतरते, हे आजच्या विज्ञानाने सिद्ध केलेले सत्य त्या शब्दाशी किती जुळते, हेही जाता जाता दाखवावे. दुसरी खूण केसांची. गाईच्या अंगावर हात फिरवावा, मग कोंबडीची पिसे पाहावी, भिंतीवरील पालीचे अंग दुरून न्याहाळावे. तिसरी खूण अंगच्या उबेची. बाहेर थंडी असो वा ऊन असो, गाईच्या अंगची ऊब बहुधा सारखीच राहते. पालीची तशी राहत नाही. येथे एखादा चलाख मुलगा लगेच म्हणेल की, 'गुरुजी, कोंबडीही उबदार असते.' त्यास शाबासकी द्यावी. कारण एका खुणेवरून निर्णय करू नये, हा या पाठातील अर्धा भाग त्याने आपण होऊन शोधून काढलेला असतो.

येथेच एका अडचणीचा उल्लेख करणे आम्हांस अवश्य वाटते. 'सस्तन' या शब्दाची फोड करावयाची वेळ आली म्हणजे पुष्कळ शिक्षक खाली मान घालतात, मुले एकमेकांस कोपराने ढोसतात, आणि शिक्षक 'दूध देणारे प्राणी' असे काहीतरी म्हणून पुढचे पान उलटतात. 'दूध देणारे' आणि 'दूध पाजणारे' यांत महदंतर आहे. पहिल्या शब्दाने मुलाच्या डोळ्यांपुढे माणसासाठी दूध देणारी म्हैस उभी राहते. दुसऱ्याने पिलासाठी झुरणारी आई उभी राहते. स्तन हा शब्द आमच्या स्तोत्रांत व काव्यांत निःसंकोचपणे येतो. तो मातेचा शब्द आहे. ज्या स्वरात 'हात' किंवा 'डोळा' हे शब्द आपण उच्चारतो त्याच स्वरात शिक्षकाने तो उच्चारावा, की मुलांचे हसू आपोआप थांबते. हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. ज्या घरात नुकते बाळ जन्मलेले असते त्या घरातील मुलास तर या पाठाचा अर्थ सर्वांआधी कळतो. लज्जा मोठ्यांच्या मनात असते. मुले ती आपल्याकडून उसनी घेतात.

तीन खुणा पक्क्या झाल्या म्हणजे कठीण प्रकरणे पुढे मांडावी. पुष्कळ मुलांच्या वहीत 'सस्तन प्राणी पिलांस जन्म देतात, इतर प्राणी अंडी घालतात' असे एक वाक्य लिहिलेले सापडते. एकदा वर्गात हे वाक्य वाचले जात असता गाबीत वस्तीतील एक मुलगा उभा राहून म्हणाला, 'गुरुजी, मुशीच्या पोटातसून जिती पिला निघतत. मगे मुशी गाय झाली काय?' वर्ग खो खो हसला. परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मुशी म्हणजे शार्क. तिच्या पुष्कळ जाती जिवंत पिलांस जन्म देतात, हे बापाबरोबर होडीवर जाणाऱ्या त्या मुलाने स्वतः पाहिले होते. घोणस नावाचा विषारी सापही अंडी न घालता पिले घालतो. उलटपक्षी ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस हा प्राणी अंडी घालतो, व त्यांतून निघालेल्या पिलांस दूध पाजतो. सारांश, जन्माची रीत ही खरी कसोटी नव्हे. दूध हीच कसोटी. मुशी आपल्या पिलास दूध पाजीत नाही, ती कल्ल्यांनी श्वास घेते, तिच्या अंगावर केस नाहीत. म्हणून ती मासाच. वहीतील ते वाक्य त्या दिवशी सर्व मुलांनी खोडून दुरुस्त केले, आणि त्या मुलाच्या घरचे ज्ञान पाठ्यवस्तूच्या तोडीचे आहे हे वर्गास प्रथमच कळले. ज्यांच्या घरी मासळी शिजत नाही, अशा आमच्या घरांतील मुलांनी तर अशा सहाध्यायांपासून समुद्राचा पाठ आवर्जून घ्यावा.

मुशीनंतर डॉल्फिनचे प्रकरण घ्यावे. दोघांचे आकार सारखे, दोघांच्या पाठीवर वल्हे, दोघांचे वास्तव्य खाऱ्या पाण्यात. मग भेद कोणता? मुलांनी शेपटीकडे पाहावे. माशाची शेपटी उभी असते व ती डावी-उजवीकडे हलते. डॉल्फिनची शेपटी आडवी असते व ती वर-खाली हलते. धावणाऱ्या कुत्र्याचा कणा जसा वर-खाली लवतो तशीच ही गती आहे; कारण डॉल्फिनचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी भूमीवर चार पायांनी चालणारे पशू होते. त्याच्या पुढल्या वल्ह्याच्या आत दंडाचे हाड, हाताची हाडे व बोटांची हाडे आपल्याप्रमाणेच आहेत. केस म्हणाल तर पिलाच्या तोंडावर चार-दोन असतात तेवढेच. आणि मुख्य गोष्ट ही की, त्यास कल्ले नाहीत. डोक्यावरील नासिकारंध्राने हवा घेण्यासाठी त्यास वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. तारकर्ली-देवबागच्या समुद्रात जो डॉल्फिन दिसतो तो बहुधा पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेल्या जातीचा होय. तो किनाऱ्याजवळील उथळ पाण्यातच वावरतो; म्हणूनच काठावर उभ्या असलेल्या मुलांसही तो दिसू शकतो. पाठीवर वल्हे नसलेला, बुजरा असा त्याचा एक लहान भाऊबंदही या पाण्यात आहे. तो मात्र क्वचितच नजरेस पडतो.

डॉल्फिन हवेत श्वास घेतो, हे एकच वाक्य मुलास खरोखर कळले तर पुढच्या किती गोष्टी आपोआप उलगडतात, ते पाहा. मासा जाळ्यात सापडला तर पाण्यात असेपर्यंत तो बहुधा जिवंत राहतो. डॉल्फिन जाळ्यात गुरफटला तर तो पाण्यात बुडून मरतो. समुद्रात जन्मलेला प्राणी समुद्रात बुडून मरतो, हे ऐकून मुले स्तब्ध होतात. पर्यटकांच्या दहा-दहा यांत्रिक होड्या एकाच कळपाभोवती घिरट्या घालू लागल्या म्हणजे पिलू घेऊन वर येणाऱ्या मादीस श्वास घेणेही अवघड जाते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. असे शिकलेले मूल होडीत बसले असता, 'काका, यंत्र बंद करा, जवळ नेऊ नका,' असे आपण होऊनच म्हणते. भारतात वन्यप्राणी संरक्षणाचा कायदा 1972 साली झाला व डॉल्फिनला त्याचे संरक्षण आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या समुद्रासह मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले. परंतु कायद्याचे कलम होडीत बसत नाही, मूल बसते.

देवमाशाचीही गोष्ट येथेच सांगावी. 2015 साली देवगड तालुक्यातील कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांस निळा देवमासा दिसला. पृथ्वीवर आजवर झालेल्या प्राण्यांत हा सर्वांत प्रचंड. पूर्ण वाढ झालेला देवमासा सुमारे 30 मीटर लांबीपर्यंत पोहोचतो. आणि त्याचेही पिलू आईचे दूध पिऊनच वाढते. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यास एक निळा देवमासा लागला व मरण पावला. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिलू येऊन अडकले. वनखात्याचे लोक व ग्रामस्थ यांनी त्यावर ओली वस्त्रे घातली, पाण्याचा मारा चालू ठेवला, आणि मोठ्या खटपटीने त्यास खोल पाण्यात नेऊन सोडले; तथापि ते वाचले नाही. या प्रसंगावर मुले एक मार्मिक प्रश्न विचारतात: जो प्राणी हवेत श्वास घेतो तो हवेत का मरतो? उत्तर असे की, त्याचे अवाढव्य शरीर पाण्याने तोललेले असते. वाळूवर त्याच्याच भाराने त्याची फुप्फुसे दडपतात. आणि अंगावर चरबीचा जाड थर असल्यामुळे उन्हात त्याची उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून ओली वस्त्रे व पाणी. मात्र पाणी घालताना डोक्यावरील नासिकारंध्र मोकळे ठेवावयाचे, असे मुलांस बजावून सांगावे. किनाऱ्यावरील मुलांच्या दृष्टीने ही माहिती केवळ परीक्षेपुरती नाही.

आता आकाशाकडे वळू. अमरसिंहाने आपल्या कोशात वाघळास 'अजिनपत्रा' असे एक नाव दिले आहे. अजिन म्हणजे चामडे, म्हणजे चामड्याच्या पंखांची. पिसे नाहीत ही खूण आमच्या पूर्वजांनी अचूक टिपली होती. पंख म्हणून जे दिसते तो वास्तविक हात आहे. लांब वाढलेल्या बोटांमध्ये ताणलेले ते कातडे होय. जगातील सुमारे साडेसहा हजार सस्तन जातींपैकी चौदाशेंच्या आसपास जाती एकट्या वाघळांच्या आहेत. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ बारापेडे नावाची गुहा आहे. तेथील एका वाघळाची जात 1913 साली शास्त्रास नव्याने ठाऊक झाली. मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाने त्या काळी हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची जी पाहणी आरंभिली होती, तिचे सूत्रधार रॉटन यांचेच नाव त्या जातीस देण्यात आले.

वाघळांविषयी घरोघर किळस व भीती आहे. 2018 साली केरळात निपाह रोगाची साथ आल्यापासून ती भीती वाढली आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असेही नाही; हा विषाणू फळे खाणाऱ्या वाघळांत आढळतो. म्हणून मुलांस स्पष्ट सांगावे की, वाघळास हात लावू नये, पडलेले वाघूळ उचलू नये, उष्टावलेले फळ खाऊ नये. पण त्याबरोबर हेही सांगावे की, वाघळांचे झाड तोडल्याने रोग जात नाही. उलट हुसकलेली वाघळे चहूकडे पांगतात. किनाऱ्यावरच्या उंडीच्या बिया दूरवर नेऊन टाकण्याचे काम तीच करतात, आणि कीटक खाणारी वाघळे रात्रभर डास व पिकांवरील कीड टिपत असतात. सावधगिरी आणि द्वेष या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडाही या निमित्ताने देता येतो.

खवलेमांजराचे प्रकरण याहून अवघड. अंगावर माशासारखे खवले, मग तो सस्तन कसा? ते खवले ज्या द्रव्याचे बनले आहेत त्याच द्रव्याची आपली नखे व आपले केस आहेत. मादीस बहुधा एकच पिलू होते व ते आईच्या शेपटीवर बसून हिंडते. त्या खवल्यांत औषधी गुण आहेत अशा समजुतीने या निरुपद्रवी, दंतहीन, मुंग्या व वाळवी खाऊन राहणाऱ्या प्राण्याची जगभर चोरटी हत्या होते. औषध म्हणून खवल्यांचे मोल नखांच्या कातरणाहून अधिक नाही, हे कळलेला मुलगा उद्या अशा व्यापारास बळी पडणार नाही. 2020 साली चिपळूणनजीक डुगवे गावी या प्राण्याच्या रक्षणार्थ 'खवलोत्सव' साजरा झाला, हे शुभचिन्ह होय. घरातील चिचुंद्रीचीही अशीच दशा. ती उंदराची बहीण नव्हे. उंदीर कुरतडणारा, ही कीटक खाणारी. तिची पिले कधी कधी एकमेकांचे शेपूट दातांत धरून आईमागून आगगाडीप्रमाणे चालतात, हे सांगितल्यावर मुलांस दुसऱ्या गोष्टीची गरज उरत नाही.

शेवटी सर्वांत नाजूक प्रकरण राहिले, ते माणसाचे. माणूस हाही सस्तन प्राणी, असे फळ्यावर लिहिताच एखाद्या घरून निरोप येतो की, 'आमच्या नातवास जनावरांच्या पंक्तीला का बसविता?' हा आक्षेप अनादराने झिडकारू नये. परंतु त्यास आमच्याच ग्रंथांतून उत्तर आहे. जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे जीवांचे चार वर्ग आमच्याकडे फार प्राचीन काळापासून मानले आहेत, आणि मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात पशू, मृग व मनुष्य ही एकाच जरायुज वर्गात सांगितली आहेत. अर्थात स्वेदज म्हणजे घामापासून जीव होतात ही कल्पना आज टिकत नाही. आणि अमरकोशात शिशुमार व उद्र, म्हणजे डॉल्फिन व पाणमांजर, मकरादिकांबरोबर जलचरांत घातले आहेत, तेही नात्यावरून नव्हे तर वसतिस्थानावरून. नात्यावरून वर्ग लावण्याची पद्धती पुढे रूढ झाली. स्वीडनच्या लिनीअसने 1758 साली देवमाशास माशांतून काढून सस्तनांत बसविले, तेव्हा युरोपातही पुष्कळांस नवल वाटले. जरी ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षे आधी डॉल्फिन पिलांस दूध पाजतो असे लिहून ठेवले होते. जुने जेथे खरे तेथे ते आदराने घ्यावे, जेथे अपुरे तेथे पुरे करावे; यात पूर्वजांचा अवमान नाही. उंदीर, माणूस आणि जिराफ या तिघांच्याही मानेत सात सातच मणके असतात, एवढे ऐकले की मुलास ते नाते पटते. आणि नाते पटल्याने माणसाची प्रतिष्ठा कमी होत नाही, जबाबदारी मात्र वाढते.

घरच्या मंडळींनी काय करावे? आमची सूचना फार थोडी आहे. मुलास एक वही करून द्यावी. तीत आपल्या आवारात, रस्त्यावर, खाडीवर जो जो सस्तन प्राणी त्याने स्वतः पाहिला त्याचे नाव, तारीख, जागा व त्या प्राण्याची एक खूण त्याने लिहावी. चित्रातील वा पडद्यावरील प्राणी त्यात धरू नये. आजीने गोठ्यातील व रानातील आठवणी सांगाव्या. कोणत्या वडावर पूर्वी वाघळे असत, कोणत्या ओढ्यास पाणमांजर येई, हे तिच्याइतके कोणास ठाऊक असणार? आजोबांनी प्राण्यांची जुनी नावे सांगावी. उत्तर ठाऊक नसेल तर वडिलांनी 'आपण दोघे मिळून पाहू' असे म्हणावे. रागे भरू नये. वर्षअखेर त्या वहीत वीस नावे आली, तर त्या मुलाने तक्त्यावरील दोनशे नावांहून अधिक मिळविले, असे खुशाल समजावे.

भारतात सस्तन प्राण्यांच्या चारशेंहून अधिक जाती आहेत. त्यांतील किती जाती आमच्या नातवंडांच्या मुलांस पाहावयास मिळतील, हे आज बालवर्गात बसलेली मुले मोठेपणी कशी वागतील यावर पुष्कळ अंशी अवलंबून आहे. त्यांच्यातलाच कोणी उद्या होडी चालवील, कोणी जमीन विकत घेईल, कोणी वनखात्यात अधिकारी होईल, कोणी शिक्षिका होईल. जाळ्यात गुरफटलेल्या डॉल्फिनकडे पाहून यांपैकी एखाद्याने 'मासा आहे' न म्हणता 'ह्याला आधी वर धरा, श्वास घेऊ द्या' असे म्हटले, तर शाळेतील त्या अर्ध्या तासाच्या पाठाचे सार्थक झाले.